मामाजीपुढचा पदर

इळा मामाजीच्या उजव्या हातात होता आन माही चिमी डाव्या हातात. तिचा दंड त्याईनं असा गच्च धरला होता का फ्रॉकची बाही उसवली. चिमी चार वर्षाची आहे. ती रडत बी नव्हती. मी गुराच्या कोठ्याच्या दारात उभी, पदर नाकापर्यंत वढलेला, आन त्या पदराखालून मले तिचे पाय आन इळ्याचं पातं, एवढंच दिसून राहिलं होतं.

“चोट्टी आली! हात नोको लावू लेकराले! चिरून टाकीन!” मामाजी वरडले.

मामाजी म्हणजे माहे सासरे. सत्तरीच्या वर आहेत. कधी कोंबडीवर बी गोटा नाही मारला त्या माणसानं. मी एक पाय पुढे टाकला तं त्याईनं इळा वर केला. चिमी म्हणे, “आई.” एकडावच म्हणे. मंग मले काहीच आयकू नाही आलं. मी धावली आन दोन्ही हातानं त्याईच्या छातीवर ढकललं.

ते मांगं पडले. बैलाच्या पाण्याची दगडी डोणी आहे, तिच्यावर. सुकलेली फांटी मोडल्यावानी आवाज आला.

मी चिमीले काखेत घेतलं आन आंगणात पळाली. शेजारच्या शांताकाकू धावत आल्या. “काय झालं वो मनीषा?”

“मामाजी घसरले,” मी म्हतलं. तोंडातून तेच निंगालं. मंग तेच सांगत गेली. गाडीवाल्याले, डॉक्टरले, फोनवर माह्या नवऱ्याले. सांगता सांगता मलेच वाटाले लागलं का घसरलेच असन.

मले रडू नाही आलं. तवा बी नाही, आता बी नाही. आठवी शिकली आहो मी, चुका होईन तं समजून घ्या. चिमीच्या वहीत लिहून राहिली. दवाखान्यातल्या सिस्टरबाई म्हणल्या होत्या का लिहून ठेव, तुह्यासारख्या घरोघरी आहेत.

*

आम्ही एकोडीचे, साकोलीजवळचे. घरात तिघंच. मी, चिमी आन मामाजी. सासूबाई मी यायच्या अगोदरच वारल्या. माहे मालक, सुनील, पुण्याले कंपनीत आहेत, दिवाळीले आन होळीले येतेत. गल्लीतच आत्याबाई राहतेत, मामाजीच्या मोठ्या बहीण. घर आमचं असलं तरी हुकूम त्याईचा.

आमच्या घरची रीत अशी का सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडं नाही ठेवाचं, आन सरळ बोलाचं बी नाही. गावातल्या बाकी पोरी आता नाही पाळत. आमच्या घरी आत्याबाई पाळाले लावत. काही सांगाचं असलं का मी चिमीले सांगो, “चिमे, आजोबाले म्हण, हात धुवा.” चिमी व्हायच्या अगोदर मी भिंतीले सांगो. “चहा ठेवला,” असं भिंतीकडे पाहून म्हणाचं आन आत जाचं. मामाजी बी भिंतीलेच म्हणत, “बरं.”

मले त्याचं काही वाटत नव्हतं. मान देणं म्हणजे तसंच असते, असं शिकली होती.

*

दोन वर्ष झाले, मामाजी एका दिवशी दुसऱ्याचा बैल घेऊन घरी आले. आम्ही हासलो. मंग एकदा पलीकडच्या गल्लीत एकाच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, जाऊन बसले आन जेवाले मांगलं. त्या बाईनं वाढलं बी. तवा नाही हासलो.

सुनील आले आन आम्ही सगळे नागपूरले मोठ्या डॉक्टरकडे गेलो. एप्रिलचा महिना, बाहेर रस्ता तापून राहिला होता.

डॉक्टर म्हणाले, “बाबा, कोणता महिना चालू आहे?”

“रोवण्याचा,” मामाजी म्हणले. धान रोवतेत तो, म्हणजे पावसाळ्यातला.

“ह्या कागदावर घड्याळ काढून दाखवा बरं.”

“मी काय घड्याळवाला आहो काय जी?”

डॉक्टर हासले. सुनील हासले. मंग डॉक्टरनं हासणं थांबवलं आन सांगतलं का याले डिमेन्शिया म्हणतेत, हे पुरतं बरं नाही होत, गोळ्यानं थोडं थांबते. “राग येतो का यांना?”

“येते जी कधी कधी,” सुनील म्हणले.

कोणावर येते, हे ना त्याईनं विचारलं ना याईनं सांगतलं. सुनीलले ठाऊकच नव्हतं. मले ठाऊक होतं. मी दारापाशी बाकावर बसली होती, चिमी मांडीवर झोपली होती, पदर खाली. पण मामाजी समोर बसले होते. त्याईच्यापुढे मी तोंड उघडू कशी?

परत येताना बसमध्ये सुनीलनं खिडकीकडे तोंड केलं होतं. भंडारा गेलं, लाखनी गेलं. मामाजी मात्र खुश होते, बाहेरच्या धानाच्या बांध्या पाहून म्हणत, “पाणी नाही अजून.”

*

राग माह्यावरच येत होता. फक्त माह्यावर.

चिमी त्याईच्या मिशा वढे, तिले काही नाही. शांताकाकूनं औषध दिलं तं मुकाट्यानं घेत. मी ताट ठेवलं का ताट आंगणात. मी धोतर धुवाले उचललं का “चोट्टी, चोट्टी”, म्हणजे चोरटी. एकदा माही वेणी धरली आन सपरीच्या खांबापर्यंत वढत नेली. जास्त करून चार-पाचच्या सुमाराले होत होतं, जवा ऊन उतरते आन सपरीत सावल्या लांब होतेत.

आत्याबाई म्हणत, “पोट्टीवर नाही रागवत, माह्यावर नाही रागवत, तुह्यावरच काहून वं? तुह्यातच काही खोट असन.”

मी खूप इचार केला का माही खोट कोणती. मले वाटलं, माह्याकडून मान कमी पडून राहिला. मंग मी पदर अजून खाली वढला. पायातले जोडवे वाजतेत म्हणून बोट दाबून चालाले लागली. ताट द्याले समोरून नाही जाचं, मांगून जाचं, ठेवाचं, निंगून याचं. जितके ते रागवत तितकी मी पदराच्या आत जाऊन राहिली होती.

त्या दिवशी बी तसंच. मामाजी कोठ्यात बसून शेळीसाठी इळ्यानं चारा कापून राहिले होते, चिमी बाजूले खेळत होती. मले वाटलं, इळ्याजवळ लेकरू नोको. म्हणून मी मांगच्या सांदवाडीच्या दारानं आली, आवाज न करता, आन मांगून चिमीले उचलाले हात पुढे केला.

ते वळले, इळा दिसला तशी मी दारापर्यंत मांगं सरकली. पुढचं तुम्हाले सांगतलंच.

*

खुब्याचं हाड मोडलं होतं. भंडाऱ्याले दवाखान्यात आपरेशन झालं, सळई टाकली. सुनील पुण्याहून आले.

दवाखान्यातले दिवस मले नीट आठवत नाहीत, तुकडे आठवतेत. सकाळी फिनाइलचा वास. पलीकडच्या खाटेपाशी नवऱ्याले घेऊन बसलेली बाई रोज मले अर्धी पोळी देऊन म्हणे, “खाऊन घे वो पोरी, तोंड पाह्य तुहं.” तोंड तं दिसतच नव्हतं माहं, तरी म्हणे. चिमी शांताकाकूकडे होती, फोनवर विचारे, “आजोबा अजून घसरून आहेत काय?” तिनं सगळं पाह्यलं होतं. तरी ती बी घसरलेच म्हणे. माह्याकडून शिकली.

मामाजी कोणालेच हात लावू देत नव्हते. पट्टी बदलाले सिस्टर आल्या, तोंडावर मास्क, तं त्याईनं ट्रे उडवला. सुनीलनं दुपट्ट्यानं त्याईचे दोन्ही हात खाटेले बांधले. मामाजी म्हणत, “मालक, सोडा जी. घरी लेकरू एकलं आहे.” आपल्या पोराले मालक म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी एक वयस्क सिस्टरबाई आल्या. त्याईनं पयले दुपट्टा सोडला. सुनील म्हणले, “बाई, मारतीन ते.”

“मारू देत. थोडं तिकडे सरका.”

मंग त्या खाटेच्या पायथ्याशी गेल्या, मामाजीले दिसन अशा. मास्क हनुवटीखाली केला. वाकल्या. “मामा, मी सिस्टर आहो. लाखनीची आहो. तुमचा पाय दुखते ना? पट्टी बदलू काय?”

मामाजीनं त्याईच्या तोंडाकडे पाह्यलं. खूप येळ. मंग म्हणले, “बदला ना बाई. लाखनीले आमची मावशी होती.”

बस. झालं. आठ दिवसाचा तमाशा दोन मिनिटात.

पट्टी झाल्यावर सिस्टरबाईनं मले व्हरांड्यात बलावलं. “घरी कोण करते याचं?”

“मी.”

“आन असाच पदर घेऊन करतेस?”

मी मान हालवली.

“हे बघ बाई. त्याले तोंड दिसत नाही, आवाज आयकू येत नाही, तं त्याले समजते काय, कोण आलं म्हणून? ह्या बिमारीत माणूस भेते. भेलं का मारते. त्याले रागीट म्हणू नोको. कोण्या गोष्टीनं भेलं ते पाह्य.”

त्या गेल्या. मी नळावर जाऊन डबा धुतला. तीनदा धुतला.

सहा वर्षात मामाजीनं माहं तोंड कवा पाह्यलं होतं? लगनात बी पदर होता. मले वाटे, ते मले विसरले. पण विसराले अगोदर पाहा लागते. त्याईच्या घरात रोज एक बिनतोंडाची बाई फिरे. आवाज न करता मांगून ये. धोतर उचलून ने, ताट उचलून ने. त्या दिवशी ती लेकरू उचलाले आली.

मंग त्याईनं लेकराले आपल्याकडे वढलं. आन इळा उचलला.

ते चिमीले वाचवून राहिले होते. माह्यापासून.

*

सुनील चहा आणाले गेले तवा मी पदर खांद्यावर टाकला. समोर जाऊन वाकली.

“मामाजी, मी मनीषा. तुमच्या सुनीलची बायको.”

त्याईनं डोळे बारीक केले. “सुनीलचं लगन झालं?”

“झालं जी.”

“मले बलावलं नाही?”

“बलावलं होतं जी. तुम्हीच तं वरातीच्या पुढे होते. फेटा बांधून.”

“मंग बरं.” थोडं थांबून म्हणले, “चांगली आहेस तोंडानं.”

पलीकडच्या खाटेपाशची बाई फसकन हासली. मी बी हासली असन. सहा वर्षात सासऱ्याच्या तोंडून आयकलेला तो माह्यासाठीचा पयला शब्द होता, चोट्टी सोडून.

*

घरी आणल्यावर मी तसंच सुरू ठेवलं. समोरून जाचं, आधी नाव सांगाचं, मंग काम. “मी मनीषा, सुनीलची बायको, चहा आणला.” दिवसातून धा-पंधरा डाव. दर डावाले “लगन झालं? मले बलावलं नाही?” कवा कवा मी म्हणो, “पत्रिका टाकली होती जी, पोस्टमन झोपला असन.” ते पोस्टमनले शिव्या देत, मंग चहा पेत.

हळूहळू समजाले लागलं. ते धोतराचा सोगा वढाले लागले का त्याईले लघवीले जाचं असते. ते सांगता येत नाही, आन धा मिनिटानं भडकतेत. कुकरची शिट्टी झाली का दचकतेत, म्हणून मी आता भात गंजात शिजवतो. घरी चाल म्हणले तं हेच घर आहे म्हणून भांडाचं नाही. “चला जी, चहा पिऊन निंघू,” असं म्हतलं का उठाचं विसरतेत. इळा, कुऱ्हाड सगळं छताखालच्या पाटणीवर चढवलं. त्याईच्या हाताले अंबाडी दिली. पयले ते अंबाडीचे दोर वळत. नाव विसरले, गाव विसरले, पण दोर असा वळतेत का एक गाठ नाही. चार वाजले का अंबाडी पुढे ठेवतो.

सगळं ठीक नाही झालं. एकदा थापड बसली मले, काहूनची ते अजून नाही समजलं. तसा दिवस दिसला का मी चिमीले शांताकाकूकडे पाठवतो आन दूर बसतो. पण ते आन चिमी एका घरात राहू शकतेत, एवढं झालं. मले तेवढंच पाह्यजे होतं. नाही तं सुनील म्हणून राहिले होते का बाबाले कुठंतरी ठेवा लागन, नाही तं तू लेकराले घेऊन माहेरी राह्य.

पण आत्याबाईले हे ठाऊक नव्हतं. त्या आंगणात खोकलल्या का मी पदर वढो आन चुलीपाशी जाऊन बसो. त्या गेल्या का पदर पुन्हा खांद्यावर. चोरीच होती ती.

काहून उघडं तोंड, असं त्याईनं विचारलं असतं तं मले त्या दिवसाचं सांगा लागलं असतं. घसरलेवालं नाही. खरं.

*

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतेत, नाटक असते, आन घरोघरी पावणे. सुनील आले होते. सकाळपासून सपरी भरली. मधात खाटेवर मामाजी, त्याईले टेकून चिमी, बाजूले आत्याबाई, पुढ्यात सुपारी आन अडकित्ता.

मी आतून पाहून राहिली. आवाज वाढून राहिला होता. मामाजी एकेकाचं तोंड पाहत आन दुसऱ्याकडे वळत. मंग त्याईनं धोतराचा सोगा धरला. वढला. अडकित्ता हाताच्या अंतरावर. चिमी त्याईच्या मांडीवर डोस्कं ठेवून.

मी सुनीलले इशारा केला, त्याईनं नाही पाह्यलं.

“मनीषा, माह्या भावाले पाणी दे वो,” आत्याबाई वरडल्या.

मी लोटा घेऊन दारात उभी राहिली. पदर नाकापर्यंत होता. पदराखालून मले चिमीचे पाय दिसले. आन अडकित्त्याचं पातं.

मी पदर खांद्यावर टाकला. सगळ्याच्या मधातून गेली, समोर वाकली. “मामाजी, मी मनीषा, सुनीलची बायको. पाणी आणलं. मंग आपण बाहेर जाऊन येऊ.”

“सुनीलचं लगन झालं? मले बलावलं नाही?”

कोणीतरी हासलं. आत्याबाई नाही हासल्या.

“उघड्या डोस्क्यानं? माह्या भावापुढे, पावण्यापुढे? लाज विकून खाल्ली काय वं?”

मी मामाजीच्या काखेत हात घातला, सुनीलनं दुसरीकडून धरलं, आम्ही त्याईले बाहेर नेलं. परत आलो तवा आत्याबाईची सुपारी तशीच पडून होती. गेल्या होत्या. अजून आमच्या आंगणात पाय नाही ठेवला.

दुपारी पावणे मंडईत गेले. सुनील म्हणले, “काहून केलं असं? दोन दिवसाची गोष्ट होती. पाळली असती.”

मंग मी सांगतलं. सगळं. भिंतीकडे पाहून सांगतलं, सवय होती.

“इळा खरंच होता?”

“होता.”

“चिमीले लागलं होतं?”

“दंडावर बोटं उठली होती.”

“मंग बाबा घसरले नाही.”

“नाही.”

ते उठून कोठ्यात गेले. डोणीपाशी बसून राहिले. चार वाजता आले, मामाजीपुढे अंबाडी ठेवली आन दुसरं टोक स्वतः धरलं. दोघं दोर वळत बसले. माह्याकडे नाही पाह्यलं. तिसऱ्या दिवशी पुण्याले गेले. आता फोन येते, चिमीसोबत बोलतेत. मले फक्त गोळ्या संपल्या काय ते विचारतेत. मी बी तेवढंच सांगतो.

*

मामाजी आता वॉकर धरून सपरीच्या खांबापर्यंत जातेत, परत येतेत. रोज विचारतेत, “माहा पाय काहून दुखते वं?” रोज मी म्हणो, “घसरले होते जी.”

परवा नाही म्हतलं तसं. घरात कोणी नव्हतं. “मी ढकललं होतं जी तुम्हाले.”

“कायले?”

“लेकरू तुमच्या हातात होतं. इळा होता. मले वाटलं तुम्ही मारता.”

त्याईनं इचार केला. हातातला दोर थांबला. “लेकरू वाचलं ना?”

“वाचलं.”

“मंग बरं.”

मंग दोर पुन्हा सुरू झाला. धा मिनिटानं म्हणले, “माहा पाय काहून दुखते वं?”

गल्लीतल्या बाया म्हणतेत, सासऱ्याचं खूप करते, पण डोस्क्यावर पदर नाही. नळावर मी गेली का गोष्टी थांबतेत. सुनील होळीले येतीन का नाही, मले ठाऊक नाही. मी आता समोरून जातो, नाव सांगतो, वाकतो, हे सगळं शिकली. पण त्या दिवशी मले यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तुम्हाले बी ठाऊक नसतं, असं समजा. तुमचा पदर नाकापर्यंत आहे. बोलाची तुम्हाले सवय नाही. पदराखालून तुमच्या लेकराचे पाय दिसून राहिले आन इळ्याचं पातं, आन ते एकडाव आई म्हणते. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?